चिंचघाटची चंद्रा

घोषबाबूंनी गठ्ठ्यातून ओढून काढलेलं पुस्तक मराठी होतं, एवढंच काय ते खरं. कव्हरावर उसाचं चित्र होतं आणि नाव होतं ‘ऊस लागवडीचे शास्त्र’.

"बौदी, एइ तो मराठी बोइ!" वहिनी, हे बघा मराठी पुस्तक, असं घोषबाबू खुशीत म्हणाले. कॉलेज स्ट्रीटच्या रेलिंगला टेकलेल्या त्यांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वृंदा कित्येक महिने दर शनिवारी येत होती आणि हात हलवत परत जात होती. त्यांना तिची दया आली असावी.

"हे ते नव्हे," वृंदा मोडक्यातोडक्या बंगालीत म्हणाली. "मला कादंबरी हवीय."

तिला हवी होती ‘चिंचघाटची चंद्रा’. म्हणजे तिला नव्हे, तिच्या सासऱ्यांना. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून अण्णा मुलाकडे, श्रीकांतकडेच राहत होते. लहानपणी दिगंबर नावाच्या मित्राने दिलेली ती कादंबरी डोळे मिटण्यापूर्वी एकदा ऐकायला मिळावी, असा त्यांनी ध्यासच घेतला होता. लेखकाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. गोष्टही अर्धवटच सांगायचे. "नदीकाठची चंद्रा. मोठ्या डोळ्यांची, मानी. रुसली की कोणाचं ऐकायची नाही. पुढचं पुस्तकात आहे की!"

"अण्णांना कादंबऱ्यांचा नाद कधी लागला, देव जाणे," श्रीकांत म्हणाला होता. "पुण्याला कळवतो कोणाला तरी."

त्यावर अण्णा उखडले. "पुण्याचं नाव काढू नकोस. इथल्या एका मराठी जज्जाची सगळी पुस्तकं कॉलेज स्ट्रीटवर विकली गेली, तिथेच मिळेल. आणि शोधायची ती वृंदाने. तुला पुस्तकातलं काय कळतं?"

वृंदाला तेव्हा संताप आला होता. तिचं तान्हं बाळ गेलं आणि पाठोपाठ श्रीकांतची रेल्वेच्या मुख्य कचेरीत बदली झाली. गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये आल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. भाजीसुद्धा श्रीकांतच आणायचा. परका मुलुख, परकी भाषा, आणि म्हाताऱ्याला सुचतंय काय, तर कादंबरी! पण डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

पहिल्या खेपेला ती भलत्याच ट्राममध्ये बसली आणि रडत घरी आली. अण्णा म्हणाले, "आता पुढच्या शनिवारी चुकणार नाहीस." नाही चुकली. खिदिरपूरहून धरमतल्ला, तिथून दुसरी ट्राम, हे तिच्या अंगवळणी पडलं. घोषबाबूंशी ती भावावरून घासाघीस करू लागली, मातीच्या भांड्यातला चहा पिऊ लागली, वीज गेली की इतरांबरोबर सरकारच्या नावाने बोटंही मोडू लागली. पुस्तक मात्र मिळेना.

त्यात अण्णा आजारी पडले. आज सकाळीच खोकत खोकत म्हणाले होते, "राहू दे गं, आता नाही मिळायचं."

वृंदाने उसाचं पुस्तक विकत घेतलं.

"मिळालं, अण्णा!" घरी येऊन तिने ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी पुस्तक चाचपलं, नाकाशी नेलं.

"हेच ते," अण्णा म्हणाले. "वाच."

तिने पुस्तक परत हातात घेतलं. चोरी करायची तर लाजून कसं चालेल? बेण्याच्या निवडीचं पान उघडून तिने सुरुवात केली, "चिंचघाटाला नदीचा तिन्ही बाजूंनी वेढा होता..." खतांच्या प्रकरणापर्यंत चंद्राचं लग्न झालं. चंद्राच्या आईचं नाव एकदा यमुना आणि एकदा गोदावरी झालं, तेव्हा वृंदाने जीभ चावली. अण्णा म्हणाले, "पुढे वाच."

एका संध्याकाळी तिच्या मनात नसताना चंद्राचं मूल गेलं. वाक्य तोंडून निघालं आणि वृंदा ढसाढसा रडली. बाळ गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. अण्णांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मग चंद्राने काय केलं?"

ते वृंदालाही ठाऊक नव्हतं. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी तिने चंद्राला पुन्हा नदीवर पाठवलं.

अण्णांच्या अंगात हळूहळू ताकद आली, आणि मग खबर आली की पुरीला जाता जाता वाकडी वाट करून दिगंबरकाका येताहेत. "तोही ऐकेल आता," अण्णा म्हणाले. वृंदाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याने मूळ पुस्तक दिलं, त्याच्यापुढे उसाचं बिंग किती वेळ टिकणार? आणि इतके दिवस सुनेने आपल्याला बनवलं हे कळल्यावर अण्णा पुन्हा तिचा शब्द तरी ऐकतील का?

"काकांना आणायला मीच जाते," तिने श्रीकांतला सांगितलं. एकटीने ती हावडा स्टेशनावर गेली, हमालाशी बंगालीत हुज्जत घातली, टॅक्सी ठरवली. टॅक्सी पुलावरच्या गर्दीत अडकली तेव्हा तिने धीर केला.

"काका, माझ्या हातून एक पाप झालंय." तिने सगळं सांगून टाकलं. "मी वाचते ते पुस्तक तुम्ही दिलेलं नाही. पण अण्णांना सांगू नका. त्यांचा जीव आहे हो त्या चंद्रात."

दिगंबरकाका एकदम तिच्याकडे वळले.

"मी दिलेलं पुस्तक? अगं, तुझ्या सासऱ्याने, श्यामकांताने, जन्मात कधी कादंबरी हातात धरली नाही."

"मग चिंचघाटची चंद्रा?"

"ती होती की! श्यामकांताची गाय. वासरू गेलं तेव्हा ती गोठ्याबाहेर पाऊल टाकीना. मग हा रोज कसली तरी लालूच दाखवून तिला नदीपर्यंत चालवत न्यायचा."