सतरा वर्षांची नायिका

लँगस्टनने दार ठोठावलं नाही. नाटक कंपनी त्याची, तेव्हा बायकांच्या खोलीचं दारही त्याचंच. दुपारचा खेळ नुकताच संपला होता. डोरीन पाठमोरी उभी होती, पांढरा झगा पाठीवर उघडा. तिला खेळाचे कपडे चढवणाऱ्या टॅप्लीबाई तोंडात टाचण्या धरून झग्याच्या शिवणीत कापडाची पट्टी जोडत होत्या.

लँगस्टनने पट्टी पाहिली. मग पोट पाहिलं.

"कितवा महिना?"

"चौथा. साहेब, अजून सहा आठवडे सहज काढते. वरून शाल घेते. नाच जमतोय, आवाज तर—"

"लोक सतरा वर्षांची कोवळी पोर बघायला तिकीट काढतात, डोरीन. तुझ्यासारखी बस ड्रायव्हरची गरोदर बायको त्यांना रस्त्यावर फुकट दिसते."

टॅप्लीबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आणि ऑर्मंडसाहेब? पन्नाशीला टेकलेला बाप्या केसांना काळं फासून बाविशीतला प्रियकर होतो, ते चालतं? त्यांच्या पट्ट्याला दोनदा नवी भोकं पाडलीत मी!"

"तुम्हाला नोकरी नकोशी झालीय का, टॅप्लीबाई?"

बाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

आठ वर्षं मागच्या रांगेत पाय उडवल्यावर डोरीनला ही पहिली नायिका मिळाली होती. भांडावंसं वाटत होतं, पण भांडली तर आजचा खेळही जायचा. तिने आवाज खाली ठेवला.

"बाळंतपण झाल्यावर परत घ्याल ना?"

"बघू."

असलं 'बघू' मागच्या रांगेतल्या कितीतरी पोरींना मिळालं होतं. त्यातली एक आता स्टेशनजवळ तळलेले मासे कागदात बांधून देते. परवाच तिने डोरीनला विचारलं होतं, "व्हिनेगर जास्त टाकू?"

"आज रात्री शेवटचा खेळ कर. उद्यापासून मागच्या रांगेतली आयव्ही तुझ्या जागी उभी राहील," लँगस्टन म्हणाला.

एवढ्यात बाहेर बाटलीचं बूच उडालं आणि गलका झाला. नायकाचं काम करणाऱ्या ऑर्मंडला घरून फोन आला होता. बायको बाळंत झाली, मुलगा झाला. लँगस्टन बाहेर गेला तो हात पसरूनच.

"शाब्बास रे वाघा! उद्यापासून तीन दिवस सुट्टी घे. बापाने पोराजवळ नको का असायला? इथलं मी निभावतो. तुझी जागा कुठे पळून जात नाही."

ऑर्मंडने दारात उभ्या डोरीनच्या हातात पेला कोंबला. "घे गं! बाप झालो मी, पुन्हा एकदा!"

"अभिनंदन," डोरीन म्हणाली. पेला तिने तसाच टॅप्लीबाईंकडे दिला. बाईंनी एका घोटात संपवला.

रात्री झग्याचे आकडे लागेनात, तेव्हा बाईंनी तो तिच्या अंगावरच शिवून टाकला. डोरीन उभी राहिली आणि गायलीही, रोजच्यापेक्षा चांगली. पहिल्या अंकाच्या शेवटी ऑर्मंडने नेहमीसारखं तिला कमरेला धरून डोक्यावर उचललं. वर बाल्कनीकडे तोंडभर हसत तो दाताआडून पुटपुटला,

"बाई गं, किती जड झालीस!"

डोरीनही बाल्कनीकडे बघून हसत होती.

"दोघं आहोत आम्ही."

ऑर्मंडचे हात थरथरले. हे प्रेमाचंच थरथरणं समजून सगळं थिएटर टाळ्या पिटू लागलं.