एका हाताने उचलवेल असा

"आधी उचलून बघते," ती म्हणाली आणि दुकानदाराच्या हातातली वायर तिने बाजूला सारली.

दुकानदार बुचकळ्यात पडला. अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी आवाज ऐकतं. या बाईने मात्र आपल्या डबल बासच्या खोळीचा पट्टा एका खांद्यावर चढवला, दुसऱ्या हातात स्पीकरचं कॅबिनेट धरलं आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एक फेरी मारली. बास म्हणजे व्हायोलिनसारखं भलंमोठं तंतुवाद्य, तिच्यापेक्षा हातभर उंच. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"हे नको. जड आहे."

"वहिनी, वजनाची काळजी तुम्हाला कशाला?" कीबोर्डच्या रांगेतून धाकटा दीर म्हणाला. "आपली गाडी आहे ना."

तिने ते खाली ठेवलं. पुढचं कॅबिनेट उचललं.

बँड दिराचा होता. कार्यक्रम ठरवणं, गाणी निवडणं, गाडी चालवणं, सगळं तोच बघायचा. तिचा नवरा ड्रम वाजवायचा आणि ती अठरा वर्षं बास. सोमवारी जेवताना दिराने विषय काढला होता. नव्या कीबोर्डवर डाव्या हाताने बास वाजवता येतो, पुढच्या महिन्यापासून तो तसंच करणार होता. "राग मानू नका वहिनी, पण तुमचा बास तसाही कुणाला ऐकू येतो? एवढं धूड गाडीत घालायचं, अर्धी जागा तेच खातं. आता तुम्हीही जरा आराम करा." तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याचा पेला नुसता गोल गोल फिरवत होता. तिने ताटं उचलली आणि भांडी घासायला घेतली. त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

आज दीर कीबोर्ड घ्यायला निघाला तेव्हा ती बास घेऊन गाडीपाशी उभी होती. तिलाही अ‍ॅम्प घ्यायचा होता. दिराने ओळखलं. एकदा दणक्यात बास ऐकवला की आपण विचार बदलू, असं वहिनींना वाटतंय. वाटू दे. तो वाद घालत बसला नाही.

तीन कॅबिनेटं वजनातच बाद झाली. चौथं उचलता आलं. दुकानदाराने ते जोडलं. तिने सगळ्यात जाड तार ओढली आणि कॅबिनेट असं घुमायला लागलं की भिंतीवर टांगलेल्या गिटारी थरथरल्या. दुकानातली सगळी माणसं वळली.

"बघा," दुकानदार खूश झाला. "एका सुरात सगळ्यांनी माना वळवल्या."

"कान झाकायला वळवल्या. हा माझा बास नाही, रिकामं पिंप आहे. दुसरं दाखवा."

दुकानदाराने नाखुशीनेच खालच्या फळीवरून एक राखाडी कॅबिनेट काढलं. त्यात एकच स्पीकर, वजन आठ किलो. अ‍ॅम्प वेगळा, जेवणाच्या डब्याएवढा, पिशवीत टाकून नेण्यासारखा. "मोठ्या मैदानात हा पुरायचा नाही हं. नंतर मला बोलू नका."

ती फेरी मारून आली. या वेळी तिला धाप लागली नाही. मग तिने बास जोडला आणि वाजवायला सुरुवात केली. लाकडाचा आवाज लाकडासारखाच आला, तारेवरून बोट सुटताना होणारी बारीक खरखरसुद्धा. कुणीही वळून पाहिलं नाही.

पलीकडे दिराने मनासारखा कीबोर्ड निवडला होता. उजव्या हाताने त्याने बँडचं एक जुनं गाणं धरलं. डावा हात नवी बटणं शोधत होता. तिने तेच गाणं बासवर खालच्या सुरांत उचललं. त्याला कळलंही नाही. त्याची मान डोलायला लागली, डावा हात बटणं सोडून मांडीवर ताल धरू लागला, अंतऱ्यात त्याने कधी घेत नाही अशी एक हरकत घेतली. काउंटरवरची मुलगी बिलं लावता लावता पाय हलवत होती.

तिने तारांवर तळवा ठेवला.

दीर दोन ओळी एकटाच पुढे गेला. मग त्याची लय सुटली. एक सूर चुकला, पुन्हा चुकला. तो वळला.

"वहिनी, थांबलात का?"

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय विचारलं. तो कीबोर्डपासून उठला.

"हा द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"घ्या ना, चांगला आहे," दीर जवळ येत म्हणाला. आवाज खाली आला होता. "वहिनी, सोमवारी मी जरा घाईच केली. बासशिवाय नाही जमायचं. गाडीत करू याला जागा."

"गाडीत नको, भावोजी." ती वायर गुंडाळत होती. "नदीपलीकडच्या नाटकवाल्यांनी मला वाजवायला बोलावलंय. पुढच्या महिन्यापासून. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. म्हणून हलका बघत होते."

दिराला एकदम भाऊ आठवला.

"दादाला सांगितलंय का हे?"

"सांगितलं नाही, विचारलं. येता का म्हणून." तिने बास खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने कॅबिनेट उचललं. "कालच ते टॅक्सीत घालून ड्रम तिकडे पोचवून आले."