कच्चा लोवो

"मूल पोटात आलं की आधी घरात सांगावं, मग गावात. लपवलंस तर जमीन रुसते, पोरी. लोवो कच्चा राहतो."

चटई विणता विणता आजी हे बोलली तेव्हा उनाइसी सात वर्षांची होती. आज भर दुपारी, कॅमेऱ्याला डोळा लावलेला असताना, तोच आवाज कानाशी आला.

समोर लोवो, जमिनीतली ती भट्टी, उघडला होता. माती, पोती, केळीची पानं दूर सारली होती, आणि खड्ड्यातल्या दगडांवर डुक्कर कच्चं होतं. तारोचे कंद टणक, मासा ओला. लग्नाला तीनशे माणसं आली होती.

"सकाळी केक बसला," नवरीची आजी, बूबू लोसालिनी, म्हणाली. "मग चर्चच्या गाणाऱ्यांची होडी बंद पडली. आता हे." तिनं जमलेल्या बायकांवरून एकेक करत नजर फिरवली. "कोण आहे गं ती? सांगून टाका. इथं कोणी खात नाही तुम्हाला. तशीही आज खायची सोय राहिली नाही!"

बायका खिदळल्या. उनाइसीनं कॅमेऱ्याआड तोंड लपवलं. तिला तिसरा महिना सरत आला होता.

"उना, ती जड बॅग दे इकडे," कामावर तिच्या बॅगा वाहणारा तिचा नवरा आपिसाई कुजबुजला.

"हात लावू नकोस. ती बघतेय."

ती म्हणजे वासेमाथा, किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलची व्यवस्थापक. हॉटेलातल्या दोन वर्षांच्या सगळ्या लग्नांच्या फोटोंचं काम एकीलाच द्यायचं होतं, आणि उनाइसी कशी काम करते ते बघायला बाई स्वतः आली होती. सोमवारी करारावर सही. सात वर्षं उनाइसी वाळूत गुडघे टेकून दुसऱ्यांची लग्नं टिपत आली होती, ती या सहीसाठी.

"दोन वर्षं पाळणा नको हं," वासेमाथानं तिला आधीच बजावलं होतं. "मालकांची अट आहे. मलाही हेच विचारून कामावर घेतलंय त्यांनी."

"नाही मॅडम, छे!" उनाइसी म्हणाली होती.

आता वासेमाथा मांडवाच्या कडेला चटईवर बसली होती. एरवी कंबरपट्ट्याशिवाय न दिसणारी बाई आज ढगळ फुलाफुलांच्या झग्यात होती. मांडीवर फाइल, नाकाशी लिंबाचं चुरलेलं पान. हॉटेलवाल्यांना गावचा वास कुठला सोसायला, उनाइसीला वाटलं. यंगोनाची, मुळ्यांच्या त्या गुंगी आणणाऱ्या पेयाची, वाटी समोर आली तेव्हा "मला गाडी चालवायचीय," म्हणून बाईनं ती परत केली. तिचा ड्रायव्हर फणसाच्या सावलीत जांभया देत होता. डोकं शुद्धीवर ठेवून माझी चूक शोधणार ही, असं उनाइसीच्या मनात आलं.

तेवढ्यात नवरी रडायला लागली. झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या वस्त्रात, गळाभर फुलांत, लहान मुलीसारखी हुंदके देत. "बूबू, माझ्या लग्नातून माणसं उपाशी जाणार!"

उनाइसीनं सवयीनं कॅमेरा उचलला. काचेतून तो रडवेला चेहरा जवळ आला, अगदी जवळ. तिच्यानं बटण काही दाबवलं नाही. तिनं कॅमेरा खाली केला.

"उना," आपिसाई पुटपुटला, "सोमवारपर्यंत तरी..."

"मी आहे, बूबू," उनाइसी मोठ्यानं म्हणाली. "माझ्यामुळं झालं. तिसरा महिना आहे."

 बायकांनी आरोळी ठोकली, कुणी कौतुकानं तिच्या गालांवर पावडर फासली, कुणी आपिसाईच्या पाठीत धपाटा घातला. "बॅगवाल्या, तू पण गप्प होय रे!"

उनाइसीनं हळूच मांडवाकडे पाहिलं. वासेमाथानं पेनाला टोपण लावलं होतं. फाइल पोटाशी घट्ट धरून ती समुद्राकडे बघत होती. संपलं, उनाइसीनं ओळखलं. सात वर्षं, एका वाक्यात.

"झाका लोवो," बूबू म्हणाली. "आता शिजेल. मन मोकळं झालं पोरीचं."

माती पुन्हा लोटली. बायका गात बसल्या, गाण्यातच येणाऱ्या बाळाला होडीत बसवून बेटाबेटांवरून फिरवून आणलं. उनाइसी फोटो काढत राहिली. निदान हे लग्न तरी नीट टिपायचं होतं.

तासाभरानं पानं उचलली. बूबूनं डुकराच्या मांडीत सुरी खुपसली. लाल पाणी आलं.

गाणं थांबलं.

"मी सांगितलं ना, बूबू!" उनाइसीचा आवाज चिरकला. "खरंच सांगितलं!"

"सांगितलंस गं. तुझं फिटलं." म्हातारीनं सुरी पुसली आणि मान वर केली. "म्हणजे अजून कोणीतरी आहे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी हसलं नाही. मांडवाच्या कडेला लिंबाचं पान खाली पडलं. वासेमाथानं मांडीवरची फाइल बाजूला ठेवली, चटईवर तळवा टेकून सावकाश उठली, आणि उनाइसीकडे बघत म्हणाली, "मला चौथा."