चाळीस घरांची पट्टी

"चला, हात वर करा," गटप्रमुख म्हणाला, आणि खोलीभर बाह्यांची सळसळ झाली. ताईंना तेवढीच कळली.

त्यांना दिसत नव्हतं. कीबोर्डखाली ब्रेलची एक पट्टी होती, तिच्यावर बोट फिरवून त्या प्रोग्रॅम वाचायच्या. पट्टीला चाळीस घरं. अक्षर आलं की घरात ठिपके वर यायचे, बोटाला टोचायचे. मोकळ्या जागेचं घर सपाट.

या गटाचं सगळं काम फंक्शनांचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या छोट्या तुकड्यांचं. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, डब्यात डबा बसवावा तसं. कोण कुणाच्या पोटात ते कळावं म्हणून आतली ओळ जरा उजवीकडे सरकवायची. आजवर दर पायरीला दोनच मोकळ्या जागा. तेवढ्या ताईंचं बोट चालता चालता ओलांडायचं, आपल्याच घरातला उंबरा ओलांडावा तसं. आता नवा नियम यायचा होता. वरच्या ओळीत कंस जिथे उघडला, त्याच्या बरोबर खाली आतली ओळ. ज्यात प्रोग्रॅम लिहायचा तो एडिटरच ओळी आपणहून सरकवणार, कुणाला काही करायला नको.

सकाळी त्यांनी गटप्रमुखाला सांगून पाहिलं होतं, की ओळी इतक्या लांब गेल्या तर माझ्या हाताला नुसतं मोकळं रान लागेल. तो भला माणूस. म्हणाला, ताई, सगळ्यांना विचारू, एकाचाही हात खाली राहिला तर जुनंच ठेवू.

"झालं," आता तो म्हणाला. "सगळे."

"सगळे?"

"तुम्हीसुद्धा, ताई. मला वाटलंच होतं, तुम्ही अडून बसणार नाही."

तेव्हा ताईंना आपला हात सापडला. तो कानापाशी होता. इअरफोन सैल झाला म्हणून बसवायला गेलेला, तिथेच राहिलेला.

कुणीतरी म्हणालं, ताईंनी वाचवलं, नाहीतर आज चहा गारच प्यावा लागला असता. सगळे हसले. ताईही हसल्या असाव्यात. गाल ताणल्यासारखे वाटले. एक शब्द पुरला असता. त्यांनी तो शोधलाही. मग हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा.

कुठेतरी एक कळ दाबली गेली. शेजारी बसणारी मैत्रीण पडद्याकडे झुकली.

"काय सुरेख बसलंय हो, ताई. सगळं कसं एकाखाली एक."

"हो का," ताई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच लिहिलेलं, रोजच्या वाटेसारखं पाठ असलेलं एक फंक्शन उघडलं. त्यातल्या अगदी आतल्या ओळीवर जाऊन पट्टीवर बोट टेकवलं. सपाट. पुढचं घर सपाट. त्यापुढचंही. बोट घाई न करता चालत राहिलं. अगदी शेवटच्या घरात एक उघडता कंस टोचला. त्याच्या आतलं सगळं पट्टीच्या बाहेर होतं.