येळवशीची भज्जी

स्वयंपाकघरातून आई आणि शांभवीच्या हसण्याचा आवाज आला, तसा गीतांजलीच्या अंगाचा तिळपापड झाला. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, डाळी-भाज्यांची भज्जी शिजत होती आणि पळी मस्कतहून आलेल्या मामेबहिणीच्या हातात होती.

शांभवीचा जन्मच मस्कतचा. नीटच्या क्लाससाठी ती जूनपासून लातूरला आत्याकडे राहत होती. क्लासमध्ये ती पुढे, म्हणून गल्लीभर तिचं कौतुक. तेवढं गीतांजलीनं कसंबसं गिळलं होतं. पण आता आईसुद्धा? गीतांजली गॅसजवळ फिरकली तरी आई, नागम्मा, तिला हाकलायची, "जा, अभ्यास कर." आणि या पाहुणीला मात्र शेजारी घेऊन भज्जी शिकवत होती! घरची चव घरच्या लेकीला नाही, परदेशातल्या पोरीला.

भज्जी झाकून दोघी तयारीला गेल्या. गीतांजली आत शिरली. बरणीतलं मूठभर मीठ तिनं पातेल्यात टाकलं, वर आणखी थोडं टाकलं आणि ढवळून झाकण ठेवलं. नैवेद्याआधी कोणी चव घेणार नव्हतं. होऊ दे फजिती.

येळवशीला सगळं लातूर शेतात जेवायला जातं, क्लासलाही सुट्टी असते. हे सगळेही रेणापूरच्या शेतात गेले. कडब्याच्या कोपीत, त्या छोट्या खोपटात, पूजा झाली, नैवेद्य झाला, पानं वाढली. वडिलांनी, शेषेरावांनी, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लई खारट झाली की गं भज्जी."

गीतांजली मनातून फुलली. शांभवीनं घाईघाईनं घास घेतला, दचकली आणि तिची नजर थेट गीतांजलीवर गेली.

नागम्मा डोळे मिटून खात होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अवो, गप ऱ्हावा," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या आईची भज्जी हाय ही."

"म्हंजी? तूच शिकवलीस ना हिला?" गीतांजलीनं विचारलं.

"म्या कुठली शिकवती? हिच्याकडून मीच शिकत हुते. किल्लारीच्या भूकंपात आई गेली, तवा मी चार वर्सांची. मला तिचं तोंडबी आठवत न्हाई, मग चव कुठली? मी करती ती मावशीची भज्जी. हिचा बाप, माझा दादा, थोरला, आईपाशी चुलीम्होरं बसायचा. त्यानं मस्कतात दर येळवशीला करून करून ती चव जुळवली, पोरीच्या हाताला दिली. आईच्या हातचं आज पयल्यांदा खाल्लं बघ."

शांभवीनं बोलायला तोंड उघडलं. आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

गीतांजलीला घास उचलवेना. तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण आईचा चेहरा इतका उजळलेला तिनं कधी पाहिलाच नव्हता.

नागम्मानं आपल्या पानातला घास उचलला आणि लेकीच्या तोंडात घातला.

"एवढं मीठ घालायची बघ माझी आई," ती रडता रडता हसली. "नीट ध्यानात ठिव, बाई. माझ्यामागं तुलाच करायची हाय. अश्शीच."