झोंबीचा आवाज

"काका, संवाद एकही नाही. मेलेला माणूस उठून येतो आणि नुसतं घशातून घरघरतो," पोरगेला दिग्दर्शक म्हणाला. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, नुसती घरघर उरली आणि कोटणीसांचं नाटकात काम करणं सुटलं होतं. त्यांना वाटलं, हे काम आपल्यावाचून कुणाला जमायचं नाही.

मग ते घरात दिवसभर घरघरू लागले. "अहो, हळू! दूधवाला आपलं घर सोडेल," म्हणत शैलाताई पदराआड हसायच्या. शूटिंगला तोंडाला मैदा आणि बीटचा रस फासायचे, माश्या घोंगावायच्या. पण कोटणीसांची तक्रार नाही.

मंगल कार्यालयात पडदा बांधून पिक्चर दाखवला. झोंबी झालेले कोटणीस लग्नाच्या पंगतीत शिरले, जिलबीच्या ताटावर झुकले आणि त्यांनी तोंड उघडलं. सगळा हॉल हसून लोळला. खुर्चीतले कोटणीस मात्र ताठ झाले. तो आवाज त्यांचा नव्हता.

मध्यंतरात दिग्दर्शक मान खाली घालून आला. "काका, मित्राकडून डबिंग करून घेतलं. तुमचाच आवाज ठेवणार होतो हो. पण तो ऐकला की कुणी हसेचना. सगळे गप्पच व्हायचे."

कोटणीसांनी त्याची पाठ थोपटली. पुन्हा अंधार झाला. पडद्यावरच्या झोंबीनं तोंड उघडलं, तसा त्यांनी हलकेच आपला आवाज त्यात भरला. शैलाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

पुढच्या रांगेतली बाई वळून काळजीनं म्हणाली, "आजोबा, पाणी देऊ का?"