चंदेरी ब्रेस

"आता सांगतो ते कुणालाच पटायचं नाही," म्हातारे फिटर आबा जगदाळे तपासणीला आलेल्या शबनम इंजिनियरला म्हणाले, "पण कालच्या भूकंपात आमची इमारत केसभरही हलली नाही. कपातल्या चहावर साय होती, ती तशीच! बघ, ब्रेस कशी चकचकतेय."

भिंतीतली तिरकी पोलादी ब्रेस, म्हणजे इमारतीला तोलून धरणारी पट्टी, खरंच चकचकत होती. भूकंपाचा ताण सोसला की हे पोलाद निळं पडायचं. मग ते बदलेपर्यंत दोन महिने इमारत रिकामी ठेवावी लागे. आबांच्या बायकोला, यमुनाबाईंना, दिसत नसे. पण हे घर त्यांच्या हातांना पाठ होतं. दुसरीकडे त्यांना पाण्याचा माठही सापडला नसता.

"शेजारच्या सगळ्या इमारतींतल्या निळ्या पडल्यात, आबा."

"त्या कुणीही बसवलेल्या. ही मी बसवलीय. वाघ आहे वाघ! ताणली जाईल होय?"

शबनमने ब्रेसवर बोट घासलं. बोटाला चंदेरी रंग लागला.

"खोटं बोलताय, आबा," ती हळूच म्हणाली. "ही ताणली गेली नसती, तर इमारत पडली असती. ही निळी पडली, म्हणून आत काकूंच्या बांगड्या वाजतायत. पुसा तो रंग."